सासऱ्यांची पाहणी

जगात धोक्याची म्हणून जी काही गोष्ट आहे ती माझ्या सासऱ्यांनी एकदा तरी करून पाहिली होती, आणि त्यातली एकही स्वतःच्या हौसेखातर केली नव्हती. बायकोला किंवा मुलीला जिथे जायचं असेल तिथे आधी आपण एकट्याने जाऊन यायचं, पडण्याची, बुडण्याची, विंचू चावण्याची जी काही सोय तिथे असेल ती स्वतःच्या अंगावर घेऊन बघायची, आणि मग घरी येऊन ‘चला, काय नाय तिथं’ म्हणून सांगायचं, अशी त्यांची संसार करण्याची रीत होती. याला ते ‘पाहणी’ म्हणत. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर कारकुनी केल्यामुळे हा शब्द त्यांच्या तोंडात बसला होता. खात्यात पाहणीला साहेब जात आणि हे कचेरीत बसून फाइल लावत. ती राहिलेली हौस त्यांनी घरी भागवून घेतली असावी, असं मला पुष्कळ दिवस वाटायचं. मी स्वतः विम्याच्या कचेरीत नोकरी करतो आणि स्वभावाने भित्रा आहे. रस्ता ओलांडताना मी दोन्हीकडे बघतो आणि गाडी येत नसली तरी जरा थांबतो. अशा माणसाच्या नशिबी असे सासरे यावेत, यात देवाने काय मौज पाहिली ते त्यालाच ठाऊक. माझ्या नोकरीबद्दल त्यांना फारसा आदर नव्हता. झाल्यावर भरपाई देऊन काय फायदा, व्हायच्या आधी कुणीतरी जाऊन बघायला नको का, असं ते मला दर दिवाळीला विचारत, आणि मी दर दिवाळीला त्यांच्यापुढे फराळाचं ताट सरकवत असे.

त्यांची पहिली पाहणी मी भोगली ती लग्न ठरण्याच्या आधी. मुलगी बघण्याचा कार्यक्रम झाल्यावर दुसऱ्याच रविवारी ते सिडकोतल्या आमच्या घरी हजर झाले आणि मला म्हणाले, पाव्हणं, गाडी काढा, पैठणला जाऊन येऊ. मला वाटलं, मोकळेपणी काही विचारायचं असेल. मी मोटारसायकल काढली. हे मागे बसले ते दोन्ही पाय एका बाजूला सोडून, एक हात माझ्या खांद्यावर ठेवून. एवढा मिशीवाला, धिप्पाड माणूस असा बसलेला बघून आमच्या आईने तोंडाला पदर लावला. मी शक्य तितक्या नम्रपणे म्हणालो की पाय दोन्हीकडे टाकले तर तोल बरा राहील. त्यावर ते म्हणाले, “माझी पोरगी साडी नेसून अशीच बसंल. आधी म्या बसून बघतो.”

पैठण रस्त्याची तेव्हा काय अवस्था होती ते सांगत नाही. बिडकीनपर्यंत मालट्रक अंगावरून जात होते आणि प्रत्येक खड्ड्याला सासऱ्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतत होती. मी इतका हळू चाललो होतो की मागून येणाऱ्या एसटीतले लोक खिडकीतून निवांत वाकून आमच्याकडे बघत गेले. बिडकीनला चहा प्यायला थांबलो तर हॉटेलवाल्याने काकांच्या पायाला लागलंय का म्हणून चौकशी केली आणि त्यांना बसायला खुर्ची आणून दिली. पैठणला उतरल्यावर त्यांनी पँट झटकली, गाडीला एक चक्कर मारली आणि निकाल दिला, “ब्रेक बरा हाय. माणूस भेतो. चालंल.” भित्रेपणाच्या गुणावर जमलेलं लग्न माझ्या माहितीत तरी दुसरं नाही.

पुढे बायकोकडून जुन्या पाहण्यांच्या हकिगती कळत गेल्या. ती लहान असताना नवरात्रात कर्णपुऱ्याच्या जत्रेत आकाशपाळण्यात बसायचा तिने हट्ट धरला. मायलेकींना खाली उभं करून सासरे आधी एकटेच बसले, आणि त्यांचा पाळणा बरोबर वर गेल्यावर वीज गेली. खाली अंधारात गर्दी ओरडत होती, आणि वरून ह्यांचा आवाज येत होता की इथून लई लांबपर्यंत दिसतं, पर तुम्ही येऊ नका. खाली उतरल्यावर त्यांना धड उभं राहता येत नव्हतं. तरी त्यांनी मुलीला लाकडी घोड्यांच्या चक्राकडे नेलं, आणि तिला बसवण्याआधी त्या छोट्या घोड्यावर गुडघे हनुवटीला लावून एक फेरी स्वतः मारली. फुलंब्रीकडच्या त्यांच्या शेतात विहीर होती. उन्हाळ्यात आम्ही गेलो की सगळ्यांच्या आधी ते विहिरीत उतरत, कपारी हाताने चाचपत आणि मला वर दोर धरायला लावत. एकदा कपारीतून धामण निघाली. बिनविषारी हाय, तिला वर येऊ द्या, असं त्यांनी खालून शांतपणे सांगितलं, म्हणजे माझ्याकडेच येऊ द्या. मी डोळे मिटून दोर धरून उभा राहिलो आणि ती कुठून गेली ते मला आजवर माहीत नाही. सासूबाईंना मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितलं आणि त्या घाबरल्या, तेव्हा तर ह्यांनी आपल्या डोळ्याचं आधी करून घेतलं. त्यांचा मोतीबिंदू अजून पिकलेला नाही म्हणून एका डॉक्टरने परत पाठवलं, तर हे दुसऱ्याकडे गेले. घरी येऊन पट्टी बांधल्या डोळ्याने सांगितलं की काय नाय, कांदा चिरल्यावानी पाणी येतं, बस.

आता हे सगळं ऐकून कुणालाही वाटेल की त्या बाई फार सुखी असतील. तसं नव्हतं. सासरे पाहणीला बाहेर पडले की सासूबाई भांडी घासायला काढत. आधी खरकटी, मग घासून ठेवलेली, मग फळीवरची तांब्यापितळेची. गल्लीतल्या बायका त्या आवाजावरून ओळखत की आज हे कुठेतरी गेलेत. नवरा किती जोखमीच्या जागी गेला आहे, ते सासूबाई माळ्यावरची भांडी उतरवतात की नाही यावरून कळे. बायकोला भीती वाटू नये म्हणून हा माणूस जीव धोक्यात घाली, आणि जिच्यासाठी घाली ती घरी बसून त्याच्या जिवाच्या भीतीने अर्धी होई. हा हिशेब सासऱ्यांच्या कधी ध्यानात आला नाही. त्या बाईंना एकच वाटायचं, की एकदा तरी आपल्याला पहिल्या खेपेला बरोबर न्यावं, जे काय व्हायचं ते दोघांचं व्हावं. त्यांनी तसं पुष्कळदा म्हणूनही पाहिलं. तू संग असलीस तर मंग ती पाहणी कसली, असं म्हणून ते चपला घालत.

ती भीती म्हणजे नेमकं काय, ते मला जायकवाडीच्या काठावर कळलं. माझ्या मुलीच्या शाळेची सहल तिकडे जायची होती आणि त्यात मुलांना नावेत बसवणार होते. झालं, आदल्या रविवारी सासरे मला घेऊन धरणावर. नाव काही मिळाली नाही, म्हणून एका मासेमाराच्या थर्माकोलच्या तराफ्यावर ते मांडी घालून बसले आणि गेले. मी काठावर. दुपार कलली तसा वारा सुटला, पाण्यावर लाटा उठायला लागल्या आणि तराफ्याचा ठिपका दिसेनासा झाला. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज नव्हता, त्यावरून त्यांच्या हातातलं काम गळून गेलेलं होतं हे मी समजलो. त्यांनी विचारलं, दिसतायत का? मी म्हणालो, हो, हे काय समोरच आहेत. समोर नुसतं पाणी होतं. मी तेव्हा देवाला काय काय बोललो ते सांगायची लाज वाटते. दिवस मावळायला ते परत आले, नखशिखांत भिजलेले, दात वाजत असलेले, आणि म्हणाले की दुपारी वारा सुटतो, पोरांना सकाळीच नेलं पायजे. मी रागाने त्यांच्याशी बिडकीनपर्यंत बोललो नाही. त्यांनाही ते चाललं.

मागच्या वर्षी त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी हृदयाचं मोठं ऑपरेशन सांगितलं. ह्या खेपेला जिथे जायचं होतं तिथे त्यांनाच जायचं होतं, आणि पुढे जाऊन बघून यायला कुणी नव्हतं. त्यांनी आपल्या परीने पाहणी करून पाहिली. ज्यांचं ज्यांचं असं ऑपरेशन झालं आहे त्यांच्या घरी मला गाडीवरून न्यायला लावलं, त्यांना शर्टाची बटणं काढायला लावून छातीवरचे व्रण बघितले, कसं वाटलं ते खोदून खोदून विचारलं. सगळे म्हणाले, काही नाही हो, झोप लागते आणि जाग येते. परत येताना टीव्ही सेंटरच्या चौकात सिग्नलला त्यांनी माझा खांदा धरला.

“जावईबापू, हे समदे परत आलेले हायत,” ते म्हणाले. “जे नाय आले त्यांना कुणी इचारायचं?”

सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्न वाजवले, तरी मला गाडी पुढे काढता येईना. मग ते म्हणाले, “मला लई भ्या वाटतंय. तिला सांगू नका.”

मी सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्यांना स्ट्रेचरवरून नेलं तेव्हा सासूबाई कडेने चालत होत्या. ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी नर्सने थांबायला सांगितलं. सासऱ्यांनी बायकोचा हात धरून ठेवला होता आणि तो त्यांच्याने सुटत नव्हता. एवढ्या धिप्पाड माणसाचा ओठ थरथरताना मी पहिल्यांदाच बघितला. सासूबाईंनी दुसऱ्या हाताने त्यांची बोटं एकेक करून सोडवली, पदर खोचला, आणि कुणाला काही कळायच्या आत ते दार ढकलून आत गेल्या. आत आरडाओरडा झाला. नर्स त्यांच्यामागे धावली. जरा वेळाने दोघी बाहेर आल्या, नर्स संतापलेली आणि ह्या शांत. त्या स्ट्रेचरवर वाकल्या.

“म्या आत जाऊन बघून आले,” त्या म्हणाल्या. “काय नाय तिथं. उजेड हाय, माणसं चांगली हायत. जा तुम्ही.”

सासरे त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, “थंडी हाय का?”

“हाय जराशी. चालंल तुम्हाला.”

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. त्यांचा ओठ थरथरायचा थांबला होता. मग त्यांना आत नेलं. ऑपरेशननंतर ते शुद्धीवर आलेच नाहीत.

परवा मी सासूबाईंकडे गेलो होतो. त्या ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या, मीही दोन काड्या हातात घेतल्या. इतके दिवस मनात होतं ते विचारलं, की आई, त्या दिवशी आत तुम्ही काय बघितलं? त्यांनी हातातल्या काडीची पानं खुडून संपवली. मग म्हणाल्या, काईच नाय. दाराच्या आत पाय टाकला आन् इतकं भ्या वाटलं की डोळेच मिटून घेतले. नर्सबाईनं दंडाला धरून बाहेर आणलं तवाच उघडले. थंडी तेवढी लागली होती, ती खरी सांगितली.

आणि नवी काडी उचलत त्यांनी मला विचारलं, “त्यांनी बी मला जन्मभर असंच सांगितलं असंल का हो?”

मी म्हणालो, नाही, ते सगळं नीट बघून येत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा विश्वास बसला असं मला वाटत नाही, पण त्या मघापेक्षा जरा सैल होऊन बसल्या, आणि आम्ही दोघांनी उरलेली मेथी निवडून संपवली.