हे म्हणतात

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या एका कॉलेजात एम.ए.ला इंग्रजी शिकवायचे. दुसऱ्याचं मत मांडताना इंग्रजी लेखक क्रियापद फार जपून निवडतात, हे दर वर्षी घसा कोरडा करून सांगायचे. मत पटलं असेल तर ते ‘पॉइंट्स आउट’ लिहितात, शंका असेल तर ‘क्लेम्स’. विद्यार्थी मात्र सगळीकडे साधं ‘म्हणतो’ लावून मोकळे व्हायचे. माझं डोकंच फिरायचं.

त्याआधी, मी स्वतः शिकत असताना, आमच्या इंदिरानगरच्या घरात आईकडेही तेवढंच क्रियापद होतं. “हे म्हणतात, मुलगी एम.ए. करणार.” “हे म्हणतात, हुंडा मागणारं स्थळ नको.” वडील पेपरमागून नुसतं ‘हं’ करायचे. त्यातलं एक अक्षरही त्यांनी म्हटलेलं नसायचं. मत आईचं, नाव वडिलांचं. आणि एरवी आईला न मोजणारे काका मुकाट्यानं ऐकून घ्यायचे.

दोन हजारच्या सुमारास वडील गेले. काही महिन्यांतच माझ्या भावांनी घर विकायचा विषय काढला. आई सवयीनं म्हणाली, “हे म्हणतात...” आणि थांबली. वडिलांच्या रिकाम्या खुर्चीकडे तिनं पाहिलं. मग पदर सारखा करून ती आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावानं बोलली, “मला इथंच राहायचंय.”

“आईचं काय मनावर घ्यायचं,” थोरला भाऊ तिच्यासमोरच म्हणाला.

दिवाळीच्या आत घर विकलं गेलं.