ओली लेंडी

आमच्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या सरांना सगळी बारामती पाठीमागे ‘लेंड्या सर’ म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं, तोंडावर कुणी म्हटलं तरी हसायचे. घराणं कऱ्हाटीचं, एके काळी मेंढरं राखणारं. सर बी.एस्सी. होऊन कॉम्प्युटरकडे वळले, पण डोकं मेंढरांमागेच राहिलं. कुठलाही फुकटचा प्रोग्राम दाखवा, हा माणूस तो आधी चालवून बघायचा नाही. पहिला सवाल ठरलेला: “लेंड्या ओल्या हायत का वाळल्यात?”

नव्वदीचा शेवट होता. ओपन सोर्स नावाचं खूळ मासिकांबरोबरच्या सीडींतून आमच्यापर्यंत पोचलं होतं. प्रोग्राम फुकट, आतलं सगळं उघडं, ज्याला जमेल त्यानं दुरुस्त करावं. पण बनवणारा अजून मागे उभा आहे की सोडून पळाला, हे ओळखायचं कसं? सर म्हणायचे, “रानात मेंढरांचा वाडा बसल्याली जागा दिसली, की आमचा आबा आधी लेंडी चिरडून बघायचा. ओली असली तर धनी जवळच हाय. वाळली असली तर कवाच फुडं गेला.” म्हणून सर आधी बघायचे, त्या प्रोग्रामात शेवटची दुरुस्ती कधी झाली.

दुसरी परीक्षा कुत्र्याची. वाड्याजवळ परका माणूस गेला आणि कुत्रं अंगावर आलं नाही, तर वाड्यात कुणी नाही. सर मुद्दाम एखादा बावळट प्रश्न मेलनं पाठवून द्यायचे. एकदा कुणीतरी फटकारलं, ‘आधी सूचना वाचायला शिक.’ सर ते उत्तर कागदावर छापून, नाचवत जिन्यावरून धडधडत खाली आले. “मालक, कुत्रं भुंकलं! वाडा जिता हाय!” शिव्या खाऊन पेढे वाटणारा माणूस मी तेव्हाच बघितला.

याच माणसाच्या शब्दावर मी छपाईची जुनी अक्षरं, शिशाचे खिळे, भंगारात घातले. देवनागरी छपाईचा एक प्रोग्राम सरांनी पास केला होता. लेंड्या ओल्या, कुत्रं जागं, सगळं झकास. बनवणारा परदेशात शिकणारा कुणी हिंदी बोलणारा मुलगा. झालं काय, की ‘ऱ्ह’मधला कोयत्यासारखा वाकडा र हिंदीत लागतच नाही, म्हणून त्या पठ्ठ्यानं तो घातलाच नव्हता. आता आमच्याकडे कऱ्हा नदी, कऱ्हाटी गाव, लग्नपत्रिकेत वऱ्हाडी, आणि सगळ्यांत वर गिऱ्हाईक! प्रत्येकात तो र. आमचं यंत्र छापायचं ‘कर्हाटी’, रफार ह च्या डोक्यावर.

पहिला दणका सरांच्याच बहिणीच्या पत्रिकेला बसला. सरांचे वडील, आबा, पत्रिका घेऊन क्लासमध्ये आले आणि पोरांसमोर म्हणाले, “सर झालास, अन् गावाचं नाव न्हाय व्हय लिवता येत?” सरांनी त्याच दिवशी त्या मुलाला मेल टाकला. उत्तरही लगेच आलं: ‘बघतो.’

त्या एका ‘बघतो’वर आम्ही बसून राहिलो. लग्नसराई तोंडावर आली. माझी गिऱ्हाइकं एकेक करून इंदापूरला खिळ्यांच्या जुन्या छापखान्यात जायला लागली. मी रोज जिना चढायचो. “सर, आलं का काही?” “येईल ओ. बघतो म्हणलाय न्हवं?” संताप व्हायचा माझा! मी पसंत केलेला प्रत्येक प्रोग्राम या माणसानं क्षणात मेला म्हणून टाकून दिला होता, आणि स्वतः निवडलेल्याची नाडी बघायची म्हटलं की हात आखडता.

शेवटी एक दिवस मी ओरडलोच. “अहो, लेंड्या वाळून खत झालं त्यांचं! तुमचंच शास्त्र तुम्हाला दिसत नाही?”

सर टेबलावर हात आपटून म्हणाले, “न्हाय जमत म्हणायला काय जातंय ओ त्याला? वाडा हलवताना माणूस चुलीतला इस्तू तरी इझवून जातो. ह्यो तसाच गेला!” त्यांना चिडलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

मग ते स्वतःच त्या प्रोग्रामात शिरले. क्लास बुडवला, फोनचं बिल बुडवलं. पहिल्या खेपेला जिथं तिथं कोयताच उगवला. ‘सूर्य’चा ‘सूऱ्य’ झाला. मी कपाळ बडवून घेतलं. अशा किती खेपा झाल्या देव जाणे, पण एका सकाळी कागदावर ‘कऱ्हाटी’ स्वच्छ उतरली. सरांनी ती दुरुस्ती जगासाठी खुली केली आणि खाली पत्ता दिला माझ्या छापखान्याच्या मेलचा. “आता वाडा आपला, मालक. कुनी हाळी दिली तर ओ द्यायची.”

गिऱ्हाइकं परत आली. पण सरांचे डोळे पिवळे दिसायला लागले होते. मी म्हणायचो, डॉक्टरकडे जा. “बघतो,” म्हणायचे. हेच उत्तर! मी चिडायचो, भांडायचो, एकदा रिक्षासुद्धा दारात आणून उभी केली. “बघतो म्हणलो न्हवं!” कावीळ अंगावर काढली त्यांनी, आणि गेले. अजून राग जात नाही माझा.

दशक्रियेचं पत्रक मीच जुळवलं. ‘मु. पो. कऱ्हाटी’. कोयता जागच्या जागी बसला होता. आबांनी पत्रक वाचलं, घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं आणि छापखान्याची पायरी उतरले.

पुढं काही महिन्यांनी मेल उघडला, तर कुणा लांबच्या माणसाचा प्रश्न. अगदी बावळट, सर विचारायचे तसलाच. खाली एक ओळ: ‘या प्रोग्रामामागे अजून कुणी आहे का?’

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एका बोटानं, मोडक्या इंग्रजीत ‘बघतो’ एवढं लिहिलं आणि हात थांबला. ते खोडलं. मग लिहिलं: ‘धनी वारले. वाडा उठला. दुसरीकडे बघा.’