किसनमामांचा जड फोटो

"माझ्या आधी टँकरवाला?"

लॉन्सच्या कमानीखाली उभे राहून किसनमामा हे ज्या आवाजात ओरडले, तो आवाज चाकणच्या चौकात अडकलेल्या ट्रेलरवाल्यांनीही ऐकला असावा. (चाकण तिथून अर्ध्या तासावर. ट्रॅफिक असेल तर दीड. पण आवाजाला ट्रॅफिक लागत नाही.)

माझ्या धाकट्या बहिणीच्या, स्वातीच्या लग्नात मी एकच काम अंगावर घेतलं होतं, आणि ते म्हणजे किसनमामांना राग येऊ न देणं.

मामा तरातरा पार्किंगकडे गेले, आपल्या पांढऱ्या गाडीत बसले आणि काच वर केली. सहा पस्तीसचा गोरज मुहूर्त, आणि वाजले होते पावणेसहा. नवरीला बोहल्यावर आणायचं ते मामानं. मामा गाडीत म्हणजे नवरी खोलीत, आणि नवरी खोलीत म्हणजे नवरदेव अंतरपाटाशी एकटाच! आईनं माझ्याकडे नुसतं बघितलं. आमचे वडील, आप्पा, नुसतं बघण्यावर भागवणारे नाहीत. मामा खाली उतरले नाहीत तर मीही घरी यायची तसदी घेऊ नये, असं त्यांनी मला कळवलं. मधे काही विशेषणं होती, ती गाळली आहेत.

आता हे टँकरवाल्याचं काय, ते सांगतो.

आमच्या चिखलीकडच्या लग्नात एक वेळ भात कच्चा राहिला तरी चालतो, माइक बंद पडून चालत नाही. मुहूर्ताआधी तासभर निवेदक येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं नाव पुकारतो, पदांसकट. नाव पुकारलं की शाल, नारळ, फेटा. कुणाचं नाव कुणाआधी आलं हे लोक जमिनीच्या उताऱ्यासारखं पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवतात. सहा वर्षांपूर्वी चुलतभावाच्या लग्नात किसनमामांचं नाव सोळा नावांनंतर आलं. तेव्हापासून मामा आमच्याकडे यायचे ते फाटकापर्यंतच. भाऊबीजेला आई फाटकाबाहेर पाट मांडायची, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटायचं, नवी गाडी घेतली वाटतं यांनी, पूजा चाललीय.

म्हणून स्वातीचं लग्न ठरल्यावर आईची एकच अट होती. तिच्या भावाचं नाव पहिलं आलं पाहिजे.

मी हिंजवडीत एका कंपनीत वेबसाइटी बनवतो. घरचे लोक "तो कंप्यूटरवर असतो" एवढंच सांगतात, जसं एखाद्याबद्दल "तो सलाइनवर असतो" सांगावं. तेव्हा चारचौघांत आपली विद्या दाखवायची हीच वेळ आहे, असं मी ठरवलं. चिठ्ठ्यांचा जमाना गेला, आप्पा! मी एक पान बनवलं. मी फाटकावर मोबाइल घेऊन उभा राहणार. पाहुणा दिसला की त्याच्या नावावर बोट ठेवायचं. नाव, पदं आणि फोटो थेट स्टेजजवळच्या टॅबवर, फोटो मागच्या मोठ्या पडद्यावर, आणि निवेदक बबनअण्णा वाचणार. बबनअण्णांचा एक गुण असा, की समोर जे येईल ते ते वाचतात. डोकं मधे आणत नाहीत. विशेषणं तेवढी पदरची लावतात.

यात जे नाव पाठवायचं असतं, त्याला आमच्या धंद्यात पोस्ट रिक्वेस्ट म्हणतात, आणि ती असते असिंक्रोनस. घाबरू नका. याचा अर्थ एवढाच, की निरोप धाडायचा आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या कामाला लागायचं. आमच्या घरातले सगळे पुरुष जन्मापासून असिंक्रोनसच आहेत. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. एकापाठोपाठ धाडलेले निरोप त्याच क्रमानं पोचतात असं नाही. एक बुलेटवर जातो, दुसरा बैलगाडीत.

मी ती लक्षात ठेवली नव्हती.

घरी मी चाचणी घेतली होती. एक नाव पाठवलं, पोचलं. चहा प्यायलो. दुसरं पाठवलं, पोचलं. असा अख्खा रविवार गेला आणि सोळा कप चहा. लग्नात मात्र पाच-चाळीसला किसनमामा आले, मी त्यांच्या नावावर पहिलं बोट ठेवलं, आणि त्यांच्या मागोमाग अकरा पाहुणे एकदम आले. त्यांचीही नावं धडाधड धाडली. तेवढ्यात टँकरवाला संतोष पावतीवर सही घ्यायला आला आणि लाजत म्हणाला, "भाऊ, आमचं बी नाव घ्या की एकदा." सकाळपासून दोन खेपा घातल्या होत्या बिचाऱ्यानं. मी तेही टाइप करून धाडलं. 'टँकरवाले संतोष', एवढंच. ना पद, ना फोटो.

आणि मामांचा फोटो? मामांनी तो स्टुडिओत काढून घेतला होता. फेटा, गॉगल, गुलाल, आणि दोन्ही बाजूंना शर्यतीचे बैल. मी तो लहान करायला गेलो तर म्हणाले, "बारीक करू नगंस. बैलांचं डोळं दिसलं पायजेत." फोटोखाली माजी उपसरपंच, दूध सोसायटीचे चेअरमन, बैलगाडा मालक वगैरे सात ओळी. लॉन्सवर आठशे माणसं, त्यातली निम्मी मोबाइलवर लग्न लाइव्ह दाखवत होती. त्या गर्दीतून मामांचा फोटो दोन्ही बैलांसह निघाला आणि संतोषचं नाव बैलांच्या पायांतून सुळकन पुढे गेलं.

"जलसेवेचं व्रत घेतलेले," बबनअण्णांचा आवाज घुमला, "तहानलेल्यांचे कैवारी, आदरणीय संतोषभाऊ यांचं आगमन झालेलं आहे!"

मामा कमानीखाली छाती काढून उभे होते. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मी वाढप्यांच्या टेबलावर जिलबीची परात सरकवून लॅपटॉप उघडला आणि बिघाड शोधायला लागलो. मामांच्या नावाची पोच आलीच नव्हती. मी म्हटलं, हरवलं असेल. मग दोन ओळी लिहिल्या. पाच सेकंदांत पोच नाही आली, तर निरोप पुन्हा धाडायचा. स्वतःवर इतका खूश झालो, की एक जिलबी खाल्ली.

पोच आली नाही म्हणजे निरोप गेला नाही, असं मी धरून चाललो होतो. (आमची एक आत्या वीस वर्षं असंच धरून चालली आहे. एकच गोष्ट चारदा सांगते.) संतोषचं नाव टॅबवर कधीच पोचलं होतं, फक्त तिकडून येणारी पोच त्या गर्दीत अडकली होती. माझ्या यंत्रानं ते पुन्हा धाडलं. मग पुन्हा. मग पुन्हा. मग पुन्हा.

"तहानलेल्यांचे कैवारी संतोषभाऊ," बबनअण्णा म्हणाले. तीनदा. दर वेळी नवं विशेषण. तिसऱ्यांदा तर 'भगीरथ' म्हणाले. माइकवर नाव आलं म्हणजे सत्कार करावाच लागतो, नाही तर मंडळी बोलतात. त्यामुळे आप्पा दर वेळी धापा टाकत स्टेजवर. संतोषच्या डोक्याला एक फेटा, काखेत तीन, खांद्यावर चार शाली, आणि नारळ ठेवायला तो टँकरच्या केबिनमध्ये दोनदा जाऊन आला. लॉन्सच्या कोपऱ्या-कोपऱ्यात स्पीकर होते. त्यातला एक थेट मामांच्या गाडीवर रोखलेला.

सहा वाजून पाच मिनिटं. आता मला खरा दोष सापडला. जावास्क्रिप्टमध्ये एक शब्द आहे, अवेट, म्हणजे थांब. आधीच्याचं काम पुरं झाल्याशिवाय पुढच्याला सोडू नको. एवढा एकच शब्द मी लिहायचा विसरलो होतो. तो लिहिला, पुन्हा धाडायची भानगड बंद केली, यादीत मामांना सगळ्यात वर ठेवलं आणि बटण दाबलं.

आणि माइक शांत झाला.

मामांचा फोटो निघाला होता. हळूहळू. त्याच्यामागे दोन नगरसेवक, एक डॉक्टर, कारखानदार आणि नवरदेवाचे सख्खे काका असे चाळीस मान्यवर रांगेत थांबले होते. बबनअण्णांच्या आयुष्यात इतकी शांतता पहिल्यांदाच आली असावी. त्यांनी आधी एका गाडीचा नंबर वाचून ती बाजूला घ्यायला लावली. मग जेवणाचा मेनू वाचला, मठ्ठ्यापर्यंत. मग एक सापडलेली चावी पुकारली, जी त्यांचीच निघाली. गुरुजी घड्याळाकडे बघायला लागले. नवरदेवाचे काका आप्पांना विचारून गेले, की आमचं नाव घ्यायचा विचार आहे का?

स्वातीचा फोन आला. ती रडत नव्हती, हे जास्त वाईट होतं. "दादा," ती म्हणाली, "मामाला आण. नाही तर मी एकटी चालत येते."

मी पार्किंगकडे पळालो. काचेवर टकटक केली. काच चार बोटं खाली आली.

"मामा, तुमचं नाव मीच पहिलं धाडलं होतं. पण फोटो जड आहे."

"किती जड?"

खरा आकडा सांगून काय उपयोग? मी म्हणालो, "बाकीच्या चाळीस जणांच्या बरोबरीचा."

काच अर्धी खाली आली. "मग आता?"

"आता थांबलेत सगळे. तुमचं पोचल्याशिवाय कुणाचंच नाव घेता येत नाही. यंत्रच तसं केलंय."

"नगरसेवक?"

"थांबलेत."

"नवरदेवाचा काका?"

"तो पण."

"म्हंजे माझ्यापायी समदं लगीन अडलंय."

"समदं."

मामांनी काच पूर्ण खाली केली, गॉगल लावला, आरशात मिशी बघितली आणि दार उघडलं. इतकी वर्षं मी हिंजवडीत ज्या चुकीबद्दल साहेबाच्या शिव्या खातो, त्या चुकीला आमच्या मामांच्या भाषेत मान म्हणतात! ते पार्किंगमधून निघाले ते सावकाश, दोन्ही बाजूंना बैल असल्यासारखे. कमानीखाली पोचले, आणि माझ्या सात पिढ्यांची पुण्याई, त्याच क्षणी पडदा उजळला. वीस फूट मामा, आणि दोन्ही बैलांचे डोळे स्पष्ट! बबनअण्णांनी तुंबलेली सगळी विशेषणं त्यांच्यावर रिती केली. सहा चौतीसला मामा भाचीचा हात धरून बोहल्याकडे निघाले. आईनं डोळे पुसले. आप्पांनी माझ्याकडे बघून मान हलवली. त्यांच्या हिशेबी ती शाबासकी असते.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती लग्नाला आलेल्या प्रत्येकाला स्वतः होऊन सांगितली असती.

पुढे कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा आणि नवा पोशाख मिळवायचा. तेवीस वर्षं मी स्वातीचा भाऊ होतो ते काय उगीच? मी त्या वेळी स्टेजमागे बसून तारा गुंडाळत होतो. बबनअण्णा म्हणाले, "आता नवरीचे बंधू..." आणि नावासाठी त्यांनी टॅबकडे बघितलं.

मघाशी पुन्हा पुन्हा धाडलेल्यातला एक निरोप कुठंतरी वाटेत रेंगाळला होता. तो तेव्हा पोचला.

मी तारांतून पाय सोडवून वर येईपर्यंत संतोष स्टेजवर होता. नवरदेवाचा कान लालबुंद. टँकरच्या नळाची चावी फिरवून फिरवून बोटं कमावलेली त्याची. बहीण हसून हसून वाकली होती, आणि माझ्या मापाचा शर्ट-पँट संतोष पिशवीत घालत होता. माझं नाव यादीत होतं, शेवटचं, फोटोशिवाय. पण त्यावर बोट ठेवायला फाटकावर कुणी नव्हतं. फाटकावरचा माणूस मीच होतो.

पंगतीत मी मामांच्या शेजारी बसलो आणि रडगाणं गायलो. म्हटलं, मामा, तो मान माझा होता हो.

मामांनी मठ्ठा संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "फोटो हलका पडला तुझा."