सहावी कॅसेट

खोपटला एसटी डेपोच्या मागे त्याची व्हिडिओ लायब्ररी होती. एका जपानी कार्टून मालिकेच्या सहा कॅसेट तो भाड्याने द्यायचा आणि वर फुकटचं परीक्षण ऐकवायचा.

"मारामारी एक नंबर. माणसं मरतात आणि आपण हसतो, हीच गंमत. पण मध्ये बडबड फार, आणि शेवट एकदम फुसका. सहावी नेऊच नकोस."

हे सांगताना तो स्वतः कधी हसायचा नाही. मला संशय यायचा, याला जपानी कळतं कुठे?

एकदा तो चहाला गेलेला, तेव्हा मी सहावी गुपचूप उचलली. घरी लावली. नायकाने तलवार उगारली आणि मध्येच कुणाचं तरी लग्न सुरू झालं. मालिका पुसून वर ते भरलेलं. नवरदेव तोच लायब्ररीवाला, खळखळून हसत होता. नवरीला आम्ही कुणीच कधी पाहिलेलं नव्हतं. दुकानामागच्या खोलीत तो एकटाच राहायचा.

दुसऱ्या दिवशी कॅसेट परत केली.

"शेवट बघितलास?" त्याने विचारलं.

"नाही. टेप अडकली."

त्याने कॅसेट उलटसुलट करून पाहिली. टेप पार शेवटपर्यंत गेलेली होती. रिवाइंड करायला मी विसरलेलो.