व्हर्नियर काकांची झोपलेली माणसं

आमच्या कंपनीच्या पहिल्या शिफ्टच्या बसमध्ये दोनच माणसं जागी असायची. एक ड्रायव्हर (निदान आमची सगळ्यांची तशी आशा होती) आणि दुसरे व्हर्नियर काका. पहाटे पावणेसहाला थेरगावच्या डांगे चौकातून बस सुटली की चिंचवड यायच्या आत बावन्न माना पडलेल्या असत. कुणी खिडकीवर, कुणी शेजाऱ्याच्या खांद्यावर, कुणी नुसतीच हवेत. काका मात्र ताठ बसून, जुन्या तपासणी-रिपोर्टच्या कोऱ्या पाठीवर, बॉलपेनने त्या झोपलेल्यांची चित्रं काढत. चाकण येईपर्यंत एक चेहरा, असा त्यांचा रोजचा रतीब होता.

काका क्वालिटीत इन्स्पेक्टर होते. आलेला प्रत्येक पार्ट मोजायचा, मापात बसला तर पास, नाही तर परत. मोजायचं ते व्हर्नियर त्यांच्या खिशात कायम असे, आणि काही मोजायला नसलं तर ते कँटीनमधल्या चपातीची जाडी मोजत. नाव तिथूनच पडलं. कँटीनवाला त्यांना येताना पाहून चपात्या झाकून ठेवायचा.

गंमत म्हणजे हा माणूस राहायचा चऱ्होलीला. तिथून चाकण एका बाजूला आणि थेरगाव पार दुसऱ्या बाजूला. आमची बस चऱ्होलीजवळच्या मोशीत थांबायची. तिथे चढले असते तर त्यांना तासभर जास्त झोप मिळाली असती. पण काका रोज अंधारात स्कूटर काढून उलटे थेरगावला येत, स्कूटर एका ओळखीच्या चहावाल्याकडे लावत आणि पहिल्या स्टॉपवर पहिले चढत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "मोशीला चढलो तर निम्माच चेहरा व्हतो. नाकापतुर गेलं की कंपनी येती."

नोकरीची त्यांना गरज होती असंही नाही. चऱ्होलीत जमिनींना भाव आला आणि त्यांच्या ज्वारीच्या रानात आता सात मजली इमारती उभ्या आहेत. दोन्ही मुलगे प्लॉटिंगमध्ये, दारात पांढरी मोठी गाडी. "आबा, आता बास करा की, लोक हसत्यात," असं थोरला म्हणायचा. काकांचं उत्तर ठरलेलं. "करतो बास. पन रोज बावन्न मानसं माझ्यासमोर गप कोन बसवनार? तू? तुझं तर दोन मिंटं तोंड बंद ऱ्हात न्हाई."

आता हे वाचून कुणाला वाटेल की काका मोठे चित्रकार असावेत. अजिबात नाही. काकांचं चित्र वाईट होतं. जन्मभर कंपनीची ड्रॉइंगं वाचलेला माणूस, त्यामुळे चेहराही ते तसाच काढत. समोरून, बाजूने आणि वरून. शेजारी बाण काढून मापं लिहीत. नाक एवढं, कान एवढा, कमी-जास्त दोन मिलिमीटर चालेल. स्टोअरमधल्या शिंदेंचा 'टॉप व्ह्यू' त्यांनी काढला, तेव्हा शिंदेंना पहिल्यांदा कळलं की डोक्यावर मागच्या बाजूला आपले केस संपलेले आहेत. ते चित्र शिंदेंनी घरी नेऊन दाखवलं. बायको म्हणाली, "तुम्ही कंपनीत कामाला जाता का झोपायला?" तेव्हापासून शिंदे बसमध्ये रुमाल तोंडावर टाकून झोपू लागले. काकांनी रुमालही काढला, मापांसकट.

मी त्या बसमध्ये आले ती डिप्लोमा करून, ट्रेनी म्हणून. काकांशी माझी गाठ पडली ती एका भांडणातून. एका सकाळी जाग आली तर शेजारच्या सीटवर काका, आणि त्यांच्या कागदावर मी. तोंड उघडं, आणि बाजूला बाण काढून लिहिलेलं: अठरा मिलिमीटर. मला इतका राग आला की मी कागद हिसकावला. पण खरं सांगते, मला तोंडापेक्षा नाकाचा राग जास्त आला होता. "नाक असं नसतं," मी म्हटलं. काका बिलकूल चिडले नाहीत. पेन माझ्यापुढे धरून म्हणाले, "मंग कसं असतं? दाव."

मी नववीत इंटरमिजिएटच्या परीक्षेला नापास झाले होते. चित्रकलेच्या बाईंनी "तुझ्या हाताला वळणच नाही" असं सगळ्या वर्गासमोर सांगितलं होतं, आणि त्यानंतर मी पेन्सिल धरली ती फक्त इंजिनिअरिंग ड्रॉइंगसाठी. त्या दिवशी रागाच्या भरात, हलत्या बसमध्ये, पाच वर्षांनी मी एक नाक काढलं. फार बरं आलं नव्हतं. पण काकांनी ते डोळ्यांजवळ नेऊन, लांब धरून, पुन्हा जवळ नेऊन पाहिलं. "नाक हाय," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा बरं हाय. उद्या दुसरं काढ."

झालं, माझी शाळा सुरू झाली. नियम मोजके होते. खोडरबर आणायचा नाही. "कंपनीत पार्ट जास्त कापला तर परत चिकटवतो का आपन? दुसरा घ्यायचा." जाताना फक्त काढायचं, बरं-वाईट काय ते येतानाच्या बसमध्ये बोलायचं. आणि मन लागत नाही, मूड नाही, ही भाषा वापरायची नाही. एकदा मी ती वापरली, तर काका म्हणाले, "हात पहिल्या शिफ्टला येतो. डोकं दुसऱ्या शिफ्टला येतं. त्याची वाट बगत गेटवर थांबायचं नसतं."

मी त्यांना एकदा धीर करून विचारलं होतं, "काका, तीस वर्षं काढताय, अजून कान जागेवर येत नाही. कंटाळा नाही येत?" आमच्यापुढच्या सीटवरचे शिंदे रुमालाखाली हसले, म्हणजे जागे होते. काका म्हणाले, "येत न्हाई म्हनून तर काढतो. येत असतं तर कशाला रोज उलटा आलो असतो?" तेव्हा मलाही हसू आलं. घरी गेल्यावर मात्र त्याच वाक्याने मला बराच वेळ जागं ठेवलं.

दीड वर्षात माझा हात खरंच बसला. मग कंपनीत सुरक्षा सप्ताह आला आणि पोस्टर स्पर्धा लागली. विषय होता 'हात सांभाळा'. मी पंधरा दिवस खपले. पत्रा दाबायच्या प्रेस शॉपमधल्या मावशींचे हात काढले, हातमोजे घालतानाचे, नखांतल्या ग्रीससकट. पहिला नंबर आला प्लॅनिंगमधल्या एका मुलाचा. त्याने मोबाइलला सांगून दोन मिनिटांत चित्र करून घेतलं होतं. झगझगीत, निळं-केशरी, हसरा कामगार हात उंचावून उभा. मला उत्तेजनार्थ डबा मिळाला.

ते चित्र लॅमिनेट होऊन गेटवर लागलं. येणारेजाणारे वाहवा करत होते. काका त्याच्यासमोर उभे राहिले, खिशातून व्हर्नियर काढायला हात गेला, आणि थांबला. मोठ्याने म्हणाले, "सहा बोटं हायती." सगळे पुढे सरसावले. खरंच सहा होती. "बरोबर हाय की," काका म्हणाले. "एक गेलं तरी पाच ऱ्हात्यात. याला म्हनायची शेफ्टी." प्लांट हेडपर्यंत सगळे हसले आणि संध्याकाळपर्यंत पोस्टर उतरलं.

मला मात्र हसू आलं नाही. पुढच्या वर्षी त्या मोबाइलला पाच बोटं जमतील, हे मला कळत होतं. मग मी कशाला खपायचं? मी पेन आणणं बंद केलं. काका शेजारी बसत, मी खिडकीला डोकं टेकून डोळे मिटत असे. एकदा ते एवढंच म्हणाले, "त्या मोबाइलला आपला शिंद्या म्हाईत हाय का?" मी तोंड खिडकीकडे वळवलं. चार महिने गेले. चित्र सोडल्यावर मला कळलं की ते मला किती हवं होतं, पण परत सुरू करायची लाज वाटत होती, आणि दिवसागणिक ती वाढतच होती.

अशातच काकांच्या निवृत्तीचा दिवस आला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ, सगळं यथासांग झालं. घ्यायला मुलगे पांढरी गाडी घेऊन गेटवर आले होते, गाडीला फुलंबिलं लावलेली. काका त्यांना म्हणाले, "मागं या. मी बसनं येतो." तेव्हा दुपारची परतीची बस पुढे आणि फुलांची गाडी हॉर्न वाजवत मागे, अशी आमची वरात चाकणहून निघाली.

काका गळ्यात हार घालून माझ्या समोरच्या आडव्या सीटवर बसले. आणि मोशी यायच्या आत चक्क झोपले. मान मागे, तोंड उघडं, मांडीवर घड्याळ. मी बघतच राहिले. तो चेहरा असा निवांत कधी दिसलाच नव्हता. कानाच्या पाळ्या लांब, हनुवटीवर दाढी करताना राहून गेलेला पांढरा पुंजका. उद्यापासून हे दिसणार नव्हतं. घड्याळाच्या खोक्यावर त्यांचं पेन होतं. रिपोर्टचा कागदही. मी हळूच दोन्ही उचललं. भोसरीपर्यंत कान झाले, आणि चिंचवडला मी हार काढत होते.

डांगे चौक आला. माणसं भराभर उतरली. काकांनी डोळे उघडले आणि दोन्ही हातांनी मान धरली.

"झालं का? जरा लवकर आटपत जा की गं. मोशीपासून तोंड वासून बसलोय, जबडा धरला माझा."

"काका, तुम्ही जागे होता?"

"मी या बसमदी कदी झोपलोय व्हय?"

मला हसू आणि रडू एकदमच आलं. मी कागद पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही, पाहिलाही नाही. शाल सावरली, घड्याळ काखेत मारलं आणि दाराशी गेले.

"बघा तरी," मी म्हटलं.

"मला काय बगायचं त्यात? माझं थोबाड मी रोज आरशात बगतो. उद्या कोनाला काढनार, ते सांग."

मागे पांढरी गाडी हॉर्न वाजवत होती, पुढे ड्रायव्हर वाजवत होता. काका पायरीवर उभे. मी शिंदेंचं नाव सांगितलं. ते ऐकेपर्यंत त्यांनी दांडा सोडला नाही.