दिर्चेच्या पिवळ्या गाडीचा कन्व्हर्टर

दिर्चे मालागुतीचं डोंगरावर कुणाशी तरी सूत जमलंय, अशी कुजबुज त्या उन्हाळ्यात इटलीत, मोदेनाकडच्या एका गावात उठली. उठली ती ओरियानो न्हाव्याच्या दुकानातून; आणि ओरियानोची जीभ त्याच्या वस्तऱ्याहून धारदार. पुरावा काय, तर रविवारी पहाटे दिर्चेची पिवळी स्पोर्ट्स कार गल्लीतून जाते आणि कुणालाच जाग येत नाही! एरवी ती गाडी निघाली की पाळण्यातली पोरं भोकाड पसरायची.

"बाई दबक्या पावलांनी निघाली," ओरियानो गिऱ्हाइकाच्या कानाशी म्हणे, "की समजावं, पलीकडे कुणीतरी वाट बघतंय."

दिर्चे साठी उलटलेली विधवा, दंड मात्र पैलवानाचे. चौकात तिचं तोर्तेल्लिनीचं, म्हणजे सारण भरलेल्या इवल्या पास्त्याचं दुकान. अंड्यात मळलेल्या पिठाची पोळी लाटून उजेडाला धरली की पलीकडचा मनोरा दिसायला हवा, ही तिकडची परीक्षा. दिर्चेच्या पोळीतून मनोऱ्यावरचं घड्याळसुद्धा वाचता येई. आपल्याहून पातळ या जगात कुणी काही करत नाही, अशी तिची पक्की समजूत होती. आठवडाभर लाटणं आणि रविवारी स्टिअरिंग. त्या रविवारवर तिचा सगळा जीव.

कुजबुज उठायच्या आधी नेमका तोच हातचा गेला होता. गाडी धुराच्या तपासणीत नापास झाली. सायलेन्सरच्या नळीतला, धुरातलं विष मारणारा कन्व्हर्टर आतून जळून ढासळला होता. नवा बसवून पासिंग होईपर्यंत रस्ता बंद.

लेर्को मेकॅनिकनं बाकावर दोन कन्व्हर्टर मांडले.

"हा शर्यतीचा. असा गरजेल, की बिशपच्या खिडक्या थरथरतील."

"आणि पासिंग?"

"त्याचं काय एवढं! त्या दिवसापुरता हा दुसरा लावू, सरकारी मंजुरीचा. पास झाली की काढून ठेवू. निम्मं गाव तेच करतं, दिर्चेबाई."

"म्हणजे निम्मं गाव लबाड."

"उरलेल्या निम्म्याकडे गाडीच नाही!"

दिर्चे खुदकन हसली. "आणि या मंजुरीच्यात खोट काय?"

"खोट कसली? हा बघा शिक्का, तुमच्याच इंजिनासाठीचा. बिनशिक्क्याचा घेतलात तर रस्त्यावर चालायचा नाही. फक्त हा बोलतो कसा, नव्या सुनेसारखा."

दिर्चेनं सवयीनं शर्यतीचा डबा उचलला आणि दाराच्या उजेडाला धरला. मोठी मोठी भोकं. "ही तर चाळण रे!"

मग तिनं दुसरा उचलला.

आत मधमाश्यांनाही लाजवील असं पोळं होतं. मोजू म्हटलं तर नजर घसरावी इतकी बारीक घरं, आणि एकूणएक घरातून आकाशाचा एकेक कण लुकलुकत होता. घराघरामधल्या भिंती? त्या असाव्यात म्हणून होत्या. डोळ्यांना काही गवसत नव्हत्या. तिनं डबा खाली ठेवला, हात एप्रनला पुसले, देवघरात जावं तसे, आणि पुन्हा उचलला.

"लेर्को, या भिंती कशाच्या?"

"पत्रा आहे, केसाहून पातळ. वर प्लॅटिनमसारख्या धातूंचा लेप. इंजिनाचं विष यातून जातं आणि पलीकडे बरंचसं निर्विष होऊन बाहेर पडतं."

"या एवढ्याशा डब्यात?"

"एवढ्याशा डब्यात."

"लाटलं कुणी हे?"

"यंत्रानं, बाई."

"आणि यंत्राला शिकवलं कुणी?"

दिर्चेनं एक डोळा मिटून डबा पुन्हा उजेडाला धरला. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुणीतरी हरवलं होतं, आणि चेहरा मात्र लॉटरी लागल्यासारखा उजळला होता.

"हाच बसव," ती शेवटी म्हणाली. "आणि पास झाल्यावर काढायचा नाही. हे असलं घडवायचं आणि अडगळीत टाकायचं? पाप लागेल."

"अहो, पण आवाज! गाव काय म्हणेल?"

"गाव काय, मी शिंकले तरी म्हणतं."

गाडी पास झाली. दिर्चेला रविवार परत मिळाला आणि ओरियानोला विषय.

डोंगरावर दिर्चेचं कुणीही नव्हतं. ती खिंडीपर्यंत जायची, एक कॉफी प्यायची आणि परत यायची. मंजुरीच्या कन्व्हर्टरनं गाडीचा आवाज कमी झाला होता.