पेढ्याएवढा योयो

जुळे सोलापुरातल्या एका पाचमजली सोसायटीच्या गेटवर जोतीराम खटके वॉचमन आहेत. माणूस चोपन्न वर्षांचा, मूळचा उजनीच्या पाण्याकाठचा. गावाकडच्या पाण्याच्या मोटारी आणि केळी धाकट्या भावावर सोपवून ते शहरात आले. मिशी तेवढी सोबत आणली. दोन्ही टोकं गालावर येऊन वर वळलेली, रोज सकाळी खोबरेल लावलेली.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांची तंबाखू बंद केली. तोंडानं ऐकलं, हात ऐकेनात. डाव्या तळव्यावर उजवा अंगठा दिवसभर आपला रगडतोय. ते बघून पुण्यात नोकरीला असलेल्या लेकीनं, आरोहीनं, एक योयो पाठवला. "आबा, हाताला काम द्या." जोतीरामांनी एवढं काम दिलं की वर्षभरात ते दोरीवर नाना खेळ करू लागले. खेळांना नावंही त्यांचीच. योयो फिरत फिरत डाव्या बोटावरून येऊन दोरीवर बसला की तो 'झोका'.

गेल्या सोमवारी आरोहीचं नवीन पार्सल आलं. आत पिवळा, गुळगुळीत, जेमतेम पेढ्याएवढा योयो.

"ह्ये काय, कोटाचं बटान?" बायकोनं, सोजरबाईनं विचारलं.

"योयो हाय. लहान मापाचा."

"मोठा चांगला चाललाय की. मग ह्यो कशाला?"

"खिशात बसतोय."

"पेढा बी बसतोय," सोजरबाई म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जोतीरामांनी त्याला बाहेर काढलं. मोठा योयो म्हणजे म्हैस. सोडली की आपल्या वाटेनं जाऊन आपल्या जागी उभी. हे निघालं करडू. एकदा गुडघ्यावर आदळलं, एकदा स्टुलावर, एकदा थेट लेटरबॉक्सात शिरलं. दोन चकत्यांमधली फट एवढी अरुंद की झोक्याच्या वेळी दोरी बाजूनं निघून जायची. नेम नीट दिसावा म्हणून जोतीराम हात वर घेत गेले, मान खाली घालत गेले. योयो आणि नाक यांच्यात चार बोटं अंतर उरलं आणि घर्रर्र आवाज झाला.

मिशीचं उजवं टोक आत गेलं. मागोमाग दोरी गुंडाळली गेली, आणि दोरीच्या फासात अडकलेलं उजव्या हाताचं मधलं बोट ओठाला येऊन चिकटलं.

नेमकं तेव्हाच सोसायटीचे सेक्रेटरी कमलाकर सर स्कूटरवरून आले. सर संस्कृत शिकवून रिटायर झालेले; मागं त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई. जोतीरामांनी डाव्या हातानं गेट उघडलं, डाव्याच हातानं सलाम ठोकला. सरांना दिसलं ते एवढंच, की वॉचमन ओठावर बोट ठेवून गप्प राहायची खूण करतोय.

सरांनी लगेच स्कूटर बंद केली. "कोण झोपलंय?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"हंऽऽ," जोतीराम म्हणाले. ओठ हलवला की मिशी ओढली जात होती.

"कोणी आजारी आहे का?"

"हंऽऽ!"

सर चपला हातात घेऊन, दुसऱ्या हातानं स्कूटर ढकलत आत निघाले. सरोजिनीबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "अहो, ह्यांच्या मिशीत काहीतरी आहे."

सर चष्मा पुसून जवळ आले. "पेढा?"

सरोजिनीबाईंनी पर्समधून छोटी कात्री काढली. कात्री बघताच जोतीराम तीन पावलं मागं सरले आणि ओठ न हलवता म्हणाले, "दोरी कापा बाई, मिशी नगं!" दोरी कापली, बोट सुटलं, पण योयो नथीसारखा लोंबतच राहिला. सरांनी तो दोनदा ओढून बघितला. दोन्ही वेळा जोतीराम आईला हाक मारून बसले.

"दोन भागांचा दिसतोय," सरोजिनीबाई म्हणाल्या. "फिरवून उघडत नाही का?"

जोतीराम दर रविवारी योयो उघडून बेअरिंगला तेल घालत. ते त्यांना या अर्ध्या तासात एकदाही आठवलं नव्हतं. योयो उघडला, मिशी बाहेर आली. तुटलेले पाच केस सरोजिनीबाईंनी कागदाच्या पुडीत बांधून त्यांच्या हातावर ठेवले. उजवं टोक दोन दिवस स्प्रिंगसारखं वळलेलं होतं, खोबरेलालाही दाद देईना.

पण माणूस हट्टी. गुरुवारी योयोला नवी दोरी बांधून आणि सोजरबाईच्या केसांच्या काळ्या पिना मिशीला लावून ते परत गेटवर उभे राहिले. अकराच्या सुमारास योयो गेला, बोटावरून वळला आणि अलगद दोरीवर बसला. झोका!

बघायला होता एकटा सिद्धाप्पा, गॅसवाला. खांद्यावर सिलेंडर. "सावित्रम्मांचं घर कुठल्या मजल्यावर?"

"बघितलास का?"

"काय?"

"थांब. पुन्यांदा दाखवतो."

पुन्हा जमेना. पाचदा हुकलं, दहादा हुकलं. सिद्धाप्पानं सिलेंडर खाली ठेवला आणि त्यावर बसला. पंधराव्या वेळी तोही "डावं बोट जरा वर घ्या की" असं सांगू लागला.

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून सावित्रम्मा ओरडल्या, "गॅस आला का रे? माझी डाळ अर्धीच शिजलीय!"

"आलाय, आलाय!" दोघंही एका सुरात म्हणाले, आणि जोतीरामांनी सोळाव्यांदा योयो सोडला.